एकट्याने खेळायलाही नेट लागतं: एका रेसिंग गेमचा आठ महिन्यांचा अनुभव

दसऱ्याला नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका दुकानातून हा गेम घेतला. पीएस फाइव्हची, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या प्लेस्टेशन 5 या कन्सोलची डिस्क, किंमत 4,999 रुपये. आता जून उजाडलाय आणि दोनशेच्या आसपास तास खेळून झालेत, त्यामुळे हे चार दिवस खेळून दिलेलं मत नाही. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की चर्चा त्या एका गेमपुरती राहते, आणि मला बोलायचंय ते आता किती तरी मोठ्या गेम्सना लागलेल्या एका सवयीबद्दल.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. गाडी चालवण्याचा अनुभव इतका जिवंत मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये घेतलेला नाही. ब्रेक दाबला की कंट्रोलरचा ट्रिगर बोटाखाली कडक होतो, चाक घसरायला लागलं की थरथरतो. पावसातली शर्यत असेल तर काचेवरचे थेंब वेगाप्रमाणे वर सरकत जातात, वायपर फिरला की क्षणभर रस्ता दिसतो आणि पुन्हा सगळं धूसर. भर पावसाळ्यात कसारा घाट उतरलेल्या माणसाला ती पोटातली धाकधूक बरोबर ओळखू येईल. इंजिनांचे आवाज, टायरची झीज, ओल्या रस्त्यावर कोरडी होत जाणारी पट्टी, हे सगळं ज्यांनी केलंय त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

मी अंबडला कामाला आहे, बहुतेक सेकंड शिफ्ट. साडेअकराला सुटून सिडकोत घरी यायचं, जेवायचं, हेडफोन लावायचा आणि एक शर्यत खेळून झोपायचं. घरातले सगळे झोपलेले असतात. त्या वेळी मला कुणाशी स्पर्धा नको असते, गप्पाही नको असतात. कॉम्प्युटरच्या गाड्या समोर आणि मी एकटा. या एका तासासाठी मी गेम घेतला होता.

पण हा गेम एकट्याने खेळायचा असला तरी नेटशिवाय उघडत नाही. करिअर (शर्यती जिंकत एकट्याने पुढे जायचा भाग) नाही, आपलं गॅरेज नाही, साधी सरावाची फेरीसुद्धा नाही. टायटल येतं, बटण दाबलं की 'सर्व्हरशी जोडत आहे' आणि गोल फिरत राहणारं चक्र. जोडलं गेलं तर तुमची गाडी तुमची. नाहीतर पाच हजारांची डिस्क ड्राइव्हमध्ये नुसती फिरते.

नाशिकमध्ये सध्या राहणाऱ्याला पुढचं सांगायची गरज नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी जिकडे तिकडे खोदकाम सुरू आहे. आज या गल्लीत, उद्या त्या चौकात. जेसीबीचा दात फायबरला लागला की अख्ख्या कॉलनीचं नेट जातं. केबलवाला म्हणतो, जॉइंट मारायला माणूस पाठवलाय. तो बिचारा पाठवतोही, पण दोन दिवसांनी दुसरीकडे तुटते. कामं व्हायला हवीत, त्याबद्दल तक्रार नाही. वीज आहे, टीव्ही चालू आहे, कन्सोल चालू आहे, डिस्क आत आहे आणि तरी मी खेळू शकत नाही, हे मात्र मला पटत नाही.

फेब्रुवारीतली एक रात्र अजून विसरलेलो नाही. 24 फेऱ्यांची लांब शर्यत होती. पाऊस येणार हे ढगांवरून ओळखून मी एक फेरी आधीच टायर बदलले होते, पेट्रोल जपून वापरलं होतं. बाविसाव्या फेरीत पहिल्या नंबरवर आलो. पावणेदोन तास झाले होते. आणि शेवटच्या वळणाआधी स्क्रीन थांबली, 'कनेक्शन तुटले', थेट मुख्य मेनू. राऊटर पाहिला तर लाल दिवा. मिनिटभरात नेट परत आलं, पण शर्यत गेली ती गेलीच. ना निकाल, ना बक्षिसाचे पैसे. ज्या शर्यतीत माझ्याशिवाय दुसरा माणूसच नव्हता, ती नेटच्या एका उचकीने पुसली गेली. कंपनीला मेल केला. उत्तर आलं की आपले इंटरनेट कनेक्शन तपासून पाहा.

मे महिन्यात त्याहून वाईट झालं. निफाड तालुक्यात बहिणीचं सासर आहे. भाचा सुट्टीभर फोनवर मागे लागला होता, मामा, गेम घेऊन ये. मी कन्सोल टॉवेलात गुंडाळून, बॅगेत घालून घेऊन गेलो. दाजींनी टीव्हीमागची जागा मोकळी करून दिली, वायरी जोडल्या, पोरगं कंट्रोलर हातात धरून मांडी घालून समोर. गेमने आधी अपडेट मागितलं, 11 जीबी. घरात रेंज नाही. गच्चीवर टाकीपाशी दोन काड्या येतात, म्हणून फोन तिथे ठेवून हॉटस्पॉट लावला, तर तो खाली पोचेना. मग कन्सोलच जिन्याच्या वरच्या खोलीत नेला. फोनला दिवसाला 2 जीबी डेटा. दाजींचा फोन घेतला, तोही संपला. भाच्याने विचारलं, "मामा, नेट कशाला लागतं? गाड्या तर आपल्या डिस्कमध्ये आहेत ना?" त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन दिवस राहिलो, गेम एकदाही उघडला नाही. पोरगं एका शब्दाने कुरकुरलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

घरी आल्यावर मी हे नेटचं लफडं नेमकं कशासाठी आहे ते नीट समजून घेतलं. सांगितलं जातं की चोरीच्या प्रती चालू नयेत, फसवाफसवी होऊ नये. लोक एकमेकांशी खेळतात तिथे हे मान्य. पण एकट्याच्या खेळात खरं कारण गेमच्या आतलं दुकान आहे. गेममधले पैसे खऱ्या पैशांनी विकले जातात. माझा सेव्ह, म्हणजे खेळाची साठवलेली नोंद, माझ्या मशीनवर राहिला तर त्यातला आकडा कुणीतरी बदलेल आणि विकतचे पैसे कोण घेईल? म्हणून माझी प्रगती, माझं गॅरेज, सगळं त्यांच्या सर्व्हरवर. नेटची सक्ती आणि वेगळे पैसे मोजून घ्यायच्या गाड्या या मी आधी दोन वेगळ्या तक्रारी समजत होतो. दोन्हींचं मूळ एकच निघालं.

आता त्या दुकानाबद्दल. गॅरेजमध्ये गेलं की आपल्या गाड्यांच्या मधोमध कुलूप लावलेल्या गाड्या दिसतात. शर्यतीत कॉम्प्युटर त्याच गाड्या चालवतो, म्हणजे त्या माझ्या मशीनवर आहेतच, फक्त मला चालवायला मिळत नाहीत. सीझन पास, म्हणजे पुढे येणाऱ्या जादा भागांचे पैसे आधीच एकरकमी भरणं, 2,499 चा. तो घेतला. तीन महिन्यांनी कळलं की नवा ट्रॅक त्यात धरलेला नाही, तो 'दुसऱ्या वर्षाचा'. एक जुनी रॅलीची गाडी मला फार आवडते. तिची किंमत 1,200 नाणी, आणि नाणी मिळतात 1,000 च्या किंवा 2,500 च्या गठ्ठ्यात. दोनशे नाण्यांसाठी मोठा गठ्ठा घ्या आणि उरलेली नाणी पडून ठेवा. मी ती गाडी घेतलेली नाही. मित्रांबरोबर खेळायचं तर कन्सोलची वर्षाची वर्गणी आणखी वेगळी.

डीएलसी, म्हणजे गेमला मागाहून जोडायचे जादा भाग, म्हटले की सरसकट वाईट, असं माझं म्हणणं नाही. 'द विचर 3' ने 16 छोट्या डीएलसी फुकट दिल्या, आणि 2016 चं 'ब्लड अँड वाइन' पैसे घेऊन दिलं, पण त्यात अख्खा नवा प्रदेश होता. ते पैसे आनंदाने द्यावेत असे. 2006 मध्ये 'ऑब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं तेव्हा लोक केवढे चिडले होते. 2012 च्या 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन' मध्ये 12 पात्रं डिस्कवरच होती आणि ती उघडायला वेगळे पैसे होते. आज त्याच प्रकाराकडे कुणी मान वर करून बघतही नाही.

नेटचंही तसंच. 2013 ला 'सिमसिटी' हा शहर बांधायचा, पण कायम नेट लागणारा गेम आला तेव्हा सर्व्हर कोलमडले, लोकांना पैसे देऊनही शहर बांधता येईना. ऑफलाइन करणं फार अवघड आहे, असं तेव्हा सांगितलं गेलं, आणि 2014 च्या मार्चमध्ये त्याच गेमला ऑफलाइन मोड मिळाला. 2022 च्या मार्चमध्ये 'ग्रॅन तुरिस्मो 7' एका अपडेटनंतर तीस तासांहून जास्त बंद होता, आणि त्याचं एकट्याने खेळायचं करिअरही नेटवरच अवलंबून असल्यामुळे तेही बंद. त्याबद्दल गेम बनवणाऱ्यांनी माफी मागितली आणि गेममधले 10 लाख क्रेडिट दिले. पण सगळ्यात जास्त धक्का मला 'द क्रू' चा बसला. 2014 मधला, कायम नेट लागणारा रेसिंग गेम, 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद. ज्यांच्याकडे डिस्क आहे त्यांनाही तो आता चालवता येत नाही. त्यावरूनच यूट्यूबवर गेम्सबद्दल बोलणाऱ्या रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली आणि युरोपात त्या मागणीवर 10 लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी साधी आहे: बंद करायचा तर करा, पण विकलेला गेम लोकांना चालवता येईल अशा अवस्थेत सोडा. कॅलिफोर्नियात 2025 पासून डिजिटल दुकानांना सांगावं लागतं की तुम्ही विकत घेताय ते फक्त वापराचं लायसन्स आहे. आपल्याकडेही निदान एवढं तरी ठळक लिहिलेलं असावं.

नेट लागतं हे लिहिलेलं असतं म्हणा. माझ्या डब्याच्या मागे, बारकोडशेजारी, नखाएवढ्या अक्षरात. दसऱ्याच्या गर्दीत मी ते वाचलं नाही आणि दुकानदारानेही सांगितलं नाही. तुम्ही घ्यायच्या आधी डबा उलटा करून वाचा, आणि करिअर नेटशिवाय चालतं का हा प्रश्न दुकानात तोंडाने विचारा. सीझन पास पहिल्या दिवशी घेऊ नका, त्यात काय येणार ते सगळं बाहेर येईपर्यंत थांबा. डिस्क नंतर विकायचा विचार असेल तर हेही ध्यानात ठेवा की पासमधल्या गाड्या आपल्या अकाउंटला चिकटलेल्या असतात, डिस्कबरोबर जात नाहीत. मला दुकानात 900 रुपये सांगितले. मी विकली नाही.

गुण द्यायचे तर गाडी चालवण्याला पाचपैकी साडेचार. पूर्ण गेमला दोन. नेट कधीच न जाणाऱ्या घरात राहणाऱ्याने त्यात एक वाढवून घ्यावा.

गेल्या रविवारी त्याच दुकानातून आठ वर्षं जुना एक रेसिंग गेम आणला, वापरलेली डिस्क, 700 रुपये. घरी आल्यावर आधी राऊटरची पिन काढून ठेवली आणि मग डिस्क आत घातली. इन्स्टॉल झालं, मेनू आला, करिअर उघडलं, गाडी रस्त्यावर आली. ग्राफिक्स जुने आहेत, पाऊसही तितका खरा वाटत नाही. दोन शर्यती खेळून कन्सोल बंद केला, पुन्हा चालू केला, सेव्ह जागेवर होता. भाच्याला फोन करून सांगितलंय, पुढच्या सुट्टीला येतो.