सेरामपूरची बी.डी. : मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी माझा रिव्ह्यू

जालना, बीड, परभणीकडची पोरं-पोरी सारखी विचारतात की पाचारण आहे, म्हणजे देवाने बोलावलंय, चर्चच्या सेवेत यायचंय, मग थिऑलॉजी म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र करावं का आणि कुठून करावं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी पुण्यात हॉस्टेलवर राहून बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, चर्चचा पाळक म्हणजे पास्टर व्हायची डिग्री) केली, सेरामपूरला जोडलेल्या कॉलेजातून. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत.

सेरामपूर म्हणजे नगरकडचं श्रीरामपूर नाही बरं का, बंगालमधलं. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ ला काढलेलं कॉलेज, १८२७ ला डेन्मार्कच्या राजाने डिग्री द्यायची सनद दिली आणि पुढे १९१८ चा कायदा झाला, त्याच्या जोरावर आजपण तिथली सिनेट डिग्री देते. हे सांगायचं कारण, आपल्याकडे पैसे भरले की नावामागे डॉ. लावून देणारे लई झालेत आणि गावाकडच्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, फरक कळत नाही. त्यामुळे ॲडमिशनच्या आधी पहिलं हेच विचारा की डिग्री देतंय कोण. आणि ही डिग्री सरकारी नोकरीला बी.ए.सारखी चालेल असं धरून जाऊ नका, ज्याला पाळकच व्हायचंय त्याच्यासाठी आहे ती.

माझं मत म्हणाल तर करा, नक्की करा, आणि ते ग्रंथांपेक्षा एका गोष्टीसाठी करा. आम्हाला हॉस्पिटलमध्ये पेशंटला भेटायला पाठवायचे आणि परत आल्यावर झालेलं सगळं बोलणं आठवून जसंच्या तसं लिहून काढायचं, तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, मध्ये कुठे गप्प बसलो, सगळं. व्हर्बेटिम म्हणतात त्याला. मग ते वर्गात सगळ्यांसमोर वाचायचं. आमच्या बॅचमधला एकजण बीडकडच्या एका ऊसतोड करणाऱ्या बाईला भेटून आला होता, पिशवीचं ऑपरेशन झालेलं, ती सांगत होती की मुकादमाची उचल अजून फिटली नाही आणि याने तिथेच डोळे मिटून प्रार्थना चालू केली. सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ती उचलीचं बोलत होती, प्रार्थना तिला हवी होती म्हणून केलीस का तुला पुढचं ऐकवेना म्हणून? वर्गात कोणी बोललं नाही. त्यानंतर आम्ही सगळेच पेशंटजवळ वेगळे बसायला लागलो. आज दिवाळीनंतर माझी अर्धी मंडळी कारखान्यावर जाते, मी त्यांच्या कोपीवर (झोपडीवर) भेटायला जातो तेव्हा आधी ऐकतो आणि प्रार्थना त्यांनी म्हटल्यावर करतो. हे कुठल्या तीन दिवसांच्या सेमिनारमध्ये शिकवता येत नाही, त्याला वर्षंच लागतात.

हिब्रू आणि ग्रीक दोन्ही असतात आणि घाबरण्यासारखं हिब्रूच आहे, उजवीकडून वाचायचं, स्वर म्हणजे अक्षराखाली ठिपके आणि रेघा. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेल्या आपल्या आजोबांना हे सोपं गेलं असतं. आपण निदान अक्षरं तरी घरूनच गिरवून जावीत म्हणजे पहिली टर्म निभावते.

आता तक्रारी. एक नंबर म्हणजे इंग्लिश. लेक्चर इंग्लिश, पुस्तकं इंग्लिश, असाइनमेंट इंग्लिश. गावाकडच्या मराठी शाळेतून आलेला पोरगा, जो मंडळीत तास तासभर सुंदर संदेश देतो, तो इथे पहिलं वर्ष मान खाली घालून बसतो आणि त्याला वाटायला लागतं की आपल्याला पाचारणच नसेल. हे फार चुकीचंय आणि कॉलेजने यावर काही ठोस केलं नाही, लायब्ररीत मराठी कपाट एकच होतं आणि त्यातली पुस्तकं पण जुनी. ज्या मंडळीत जायचंय ती मराठी बोलते, मग उपदेशाचा सराव तरी मराठीत घ्या ना.

दुसरं म्हणजे चर्च हिस्टरीत निकियाची धर्मसभा ३२५, लूथरची धर्मसुधारणा १५१७ हे घोटून घेतात पण जालन्याजवळचं बेथेल, रेव्ह. नारायण शेषाद्रींनी निजामाच्या मुलखात वसवलेलं ख्रिस्ती गाव, त्याचं नाव पण निघत नाही. मी त्यावर पेपर लिहायला मागितला आणि मिळाला, हे मात्र कबूल. तसंच दलित थिऑलॉजी, म्हणजे दलितांच्या अनुभवातून मांडलेलं धर्मशास्त्र, आहे सिलॅबसमध्ये, धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मल यांनी १९८१ ला बंगळुरूला जे मांडलं ते वाचताना आमच्या आजीने सांगितलेला गावकुसाबाहेरचा पाणवठा डोळ्यासमोर आला. चार वर्षांत सगळ्यात जास्त चर्चा याच विषयावर झाली.

प्रॅक्टिकल गोष्टी फार कमी शिकवतात. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याचं रजिस्टर कसं भरायचं, चर्चच्या जमिनीचा सातबारा कसा बघायचा, हे मला गावात आल्यावर एका रिटायर्ड पाळकसाहेबांनी शिकवलं. मेस ठीकठाक, ज्वारीची भाकरी मात्र विसरा.

जाणाऱ्यांनी आधी ग्रॅज्युएशन करून जा, मग चार वर्षांत होते आणि इंग्लिशला पण थोडा हात बसलेला असतो. मंडळीचं शिफारसपत्र लागतंच, ते शेवटच्या महिन्यात मागू नका, कमिटीच्या मीटिंगा कशा पुढे जातात माहितीये सगळ्यांना. फीचा किती भाग चर्च भरणार आणि बदल्यात किती वर्षं सेवा द्यायची हे लेखी घ्या. पोरींनी पण अर्ज करा, सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) बायकांना पाळकपदाची दीक्षा मिळते आणि आमच्या बॅचला हिब्रूत पहिली आलेली मुलगीच होती. लग्न झालेलं असेल तर फॅमिली क्वार्टर मिळेल का हे आधी फोन करून विचारा, नाहीतर बायको-लेकरं गावाकडं आणि तुम्ही पुण्यात असं होतं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो इंग्लिशपायी.