किनारा, सडा की परदेशातला घोडा? एन्ड्युरन्सची तयारी कोकणातून

आंतरराष्ट्रीय एन्ड्युरन्सच्या, म्हणजे घोड्यावरून लांब पल्ला कापण्याच्या शर्यतीच्या पायऱ्या एफईआयने (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने) आखून दिल्या आहेत. एक तारा म्हणजे 100 ते 119 किलोमीटर, दोन तारे 120 ते 139, तीन तारे 140 ते 160. त्याआधी 40 आणि 80 किलोमीटरच्या टप्प्यातल्या पात्रता फेऱ्या ताशी 16 किलोमीटरच्या आत पुऱ्या कराव्या लागतात. कोकणातल्या स्वाराने सराव कुठे करावा आणि पैसा कशात घालावा, हे या आकड्यांवरूनच ठरतं.

किनारा सगळ्यांना आधी आठवतो. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते. वेगाचा अंदाज बसवायला तिच्यासारखी जागा नाही. ताशी 15 म्हणजे किलोमीटरला चार मिनिटं, आणि हा ठेका घड्याळ न बघता अंगात मुरायला हवा. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आठवड्याचं वेळापत्रक पंचांग बघून लावावं. कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र दुडकी नको, तिथे पुढच्या पायांच्या कंडरा (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्या) ताणल्या जातात. किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने पळवलं की एका बाजूच्या पायांवर जास्त भार येतो, म्हणून जाताना जितकं तितकंच येताना. गुहागरची पुळण पाच-सहा किलोमीटरची, म्हणजे 40 किलोमीटरसाठी सात-आठ खेपा. त्यात घोडा कंटाळतो आणि स्वाराची मांड ढिली पडते. कासवांच्या हंगामात वरच्या वाळूकडे फिरकूच नये. परतल्यावर पाय, तंग आणि रिकिबी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर खारं पाणी बकलं खातं.

सडा, म्हणजे कोकणातलं जांभ्याचं उघडं पठार, कठीण, पण माझ्या मते स्वार खरा तिथेच घडतो. जांभ्याच्या खडबडीत जमिनीवर घोडा सांभाळून नेताना वाट वाचायची सवय लागते. सड्यावरून खाडीकडे उतरणाऱ्या घाट्यांवर चढताना खोगिरातून किंचित उठून वजन पुढे घेणं, उतारावर उतरून घोड्याबरोबर चालणं किंवा धावणं, हे सगळं शिकता येतं. दुडकीत कर्णरेषा, म्हणजे स्वार ज्या तिरक्या पायांच्या जोडीवर उठतो-बसतो ती, दर किलोमीटरला बदलायची, म्हणजे घोड्याची एकच बाजू दमत नाही. धोकाही इथेच जास्त: धारदार जांभ्याने तळवा दुखावतो, म्हणून नाल आणि गरज पडल्यास पॅड हवाच. पावसाळ्यात शेवाळलेला सडा आणि पाखाडीच्या पायऱ्या पूर्ण टाळाव्यात.

माझी शिफारस: आठवड्यातली लांब रपेट आणि चढाचा दिवस सड्यावर, वेगाचा एक दिवस किनाऱ्यावर. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका. घोड्याचं हृदय दोन-तीन महिन्यांत तयार होतं, कंडरा आणि हाडांना वर्षभर किंवा त्याहूनही जास्त लागतं. बहुतेक लंगडेपणा याच फरकातून येतो.

हवेचा त्रास मात्र दोन्हीकडे सारखाच. फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करावी. 150 च्या वर गेली की काम कमी, 180 ला बंद. मे महिन्यात 32 अंश सेल्सिअस म्हणजे जवळपास 90, अधिक 75 टक्के आर्द्रता, बेरीज 165. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून मान, छाती आणि पायांच्या आतल्या बाजूवर थंड पाणी सतत ओतत राहा.

हीच सवय व्हेट गेटवर, म्हणजे स्पर्धेतल्या टप्प्यांनंतरच्या पशुवैद्यकीय तपासणीत, कामाला येते. नाडी साधारणपणे मिनिटाला 64 वर यायला हवी, आणि ती खाली येईपर्यंतचा वेळ स्वारीच्या वेळेतच धरला जातो. ताशी 15 च्या वेगाने पाच मिनिटांचा उशीर म्हणजे सव्वा किलोमीटर गमावणं. म्हणून गेटच्या आधीचं शेवटचं एक-दीड किलोमीटर हळू घ्या, तंग सैल करा आणि चालत आत या. मोतद्दाराबरोबर ही तालीम प्रत्येक लांब रपेटीनंतर व्हावी. पशुवैद्य नाडी मोजून घोडा 40 मीटर जाऊन-येऊन दुडकवतात आणि मिनिटभराने पुन्हा मोजतात. दुसरा आकडा वाढला, तर घोडा दमला आहे असं समजावं.

आता मोठा निर्णय. भारतातून घोडा बाहेर नेणं रोगमुक्तीच्या आणि विलगीकरणाच्या नियमांमुळे फार अवघड आहे, त्यामुळे वरच्या ताऱ्यांच्या स्पर्धा बहुतेकदा तिकडच्याच घोड्यावर होतात. केरळच्या निदा अंजुम चेलाट हिने 2023 मध्ये तरुण स्वारांच्या आणि 2024 मध्ये मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत, दोन्ही फ्रान्समध्ये, अंतर पुरं केलं ते परदेशात सराव करूनच. तेव्हा घरचा महागडा अरबी घोडा घेण्यापेक्षा इथे साध्या, निरोगी घोड्यावर पाया पक्का करून उरलेला पैसा परदेशी हंगामासाठी ठेवणं मला रास्त वाटतं. भाड्याच्या घोड्यावर थेट स्पर्धेला उतरू नका. आधी त्याच्यावर किमान दोन लांब रपेटी करा, त्याची विश्रांतीतली नाडी लिहून घ्या, तो कुठल्या वेगाला सुखाने चालतो ते बघा आणि घोडा गेटवर बाद झाला तर खर्च कोणाचा, हे करारात लेखी घ्या.