५ वॅटचा व्हीएचएफ हँडसेट बंबावर: जिनिंगचा हंगाम आणि मे महिना काढल्यावर

जळगाव-धुळे पट्ट्यात कापसाचा हंगाम आणि मागोमाग ४५ अंशांचा मे, असे आठ महिने हा ॲनालॉग-डिजिटल दोन्ही चालणारा वॉकीटॉकी सेट अग्निशमनाच्या रोजच्या ड्यूटीवर आहे. सेट दमदार आहे, पण माहितीपत्रकातले आकडे आगीच्या जागी जसेच्या तसे मिळत नाहीत.

बॅटरी २२०० एमएएचची, पत्रकात १२ तास. हा हिशोब ५ टक्के वेळ बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के गप्प असा धरलेला असतो. रुईच्या गाठीला लागलेल्या आगीत गप्प कोण बसतं? गाठ वरून विझली तरी आत धुमसत राहते, एकेक ओढून फोडावी लागते आणि ब्रँचवाला (पाण्याच्या पाइपाचं तोंड धरणारा), पंप ऑपरेटर, गेटवरचा माणूस यांचं बोलणं चालूच असतं. पाच-सहा तासांत बॅटरी बसते. माणशी दोन बॅटऱ्या हव्यातच. एकाच आवारात काम असेल तर पॉवर लो वर टाका, बराच फरक पडतो.

उन्हाळ्यात बंबाच्या केबिनमधला चार्जर दुपारी लाल दिवा लुकलुकवत बसतो. तो बिघाड नाही. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज होऊ नये म्हणून चार्जर स्वतःच थांबतो. चार्जिंग स्टेशनातच, सावलीत करा.

आयपी ६७ म्हणजे धूळ आत नाही आणि १ मीटर पाण्यात अर्धा तास. हे खरं, पण बाजूच्या माइकचा स्क्रू पूर्ण आवळलेला असेल तरच. कापसाचा तंतू स्पीकरच्या जाळीत बसतो, त्यावर पाणी पडलं की लगदा होतो आणि आवाज घुसमटतो. टाचणीने उकरू नका, आतला पडदा फाटतो. मऊ ब्रशने झाडा, जाळी खाली करून तळहातावर हलकेच आपटा.

रेंजबद्दल स्पष्ट सांगायचं तर उघड्या शिवारात व्हीएचएफ उत्तम, पत्र्याच्या गोडाऊनमध्ये कमजोर. रिपीटरवर (सिग्नल झेलून पुढे पाठवणाऱ्या यंत्रावर) विसंबून आत गेलात तर भिंतीआड संपर्क तुटतो. आगीच्या जागी थेट सेट-ते-सेट चॅनल, तोही ॲनालॉग ठेवा, आणि निरोप पुढे द्यायला दारात एक माणूस उभा करा. कंट्रोल रूमशी बोलणं बंबावरच्या २५ वॅटच्या सेटवरून होऊ द्या. ॲनालॉगमध्ये सिग्नल घसरला तर खरखर वाढते, माणूस सावध होतो. डिजिटलमध्ये आवाज शेवटपर्यंत स्वच्छ येतो आणि एकदम गायब होतो. पंपाच्या गोंगाटातही डिजिटलचा आवाज जास्त फाटतो. सेट कमरेला लावू नका, अंगच सिग्नल खातं. छातीवर, अँटेना उभी. गॅसगळती असेल तिथे मात्र हा सेट नेऊच नका, त्यासाठी स्फोटरोधक प्रमाणित सेटच हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द जातो, हे सगळे शिकवतात. मराठीत धोका शेवटी आहे. आपला नकार वाक्याच्या टोकाला येतो. ‘पंप बंद करू नका’ म्हणताना बोट लवकर सुटलं तर पलीकडे ‘पंप बंद करू’ एवढंच पोचतं, आणि ब्रँच धरून आत असलेल्याचं पाणी जातं. म्हणून रेडिओवर ‘नका’ वापरूच नये. ‘पाणी चालू ठेवा’, ‘बाहेर थांबा’ असं सरळ सांगा. आकडेही सुटे: एकोणसाठ आणि एकोणसत्तर गोंगाटात सारखेच लागतात, तेव्हा ‘पाच नऊ’, ‘सहा नऊ’. ऐकणाऱ्याने ‘ठीक’ न म्हणता आदेश परत म्हणून दाखवायचा: ‘पाणी चालू ठेवतोय, ७ बार.’ बीए मास्क (श्वसनयंत्राचा मुखवटा) असेल तर माइक मास्कच्या बोलण्याच्या चकतीसमोर दोन-तीन बोटांच्या अंतरावर धरा आणि ओरडू नका. ओरडलं की शब्द फुटतात.