व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप की सकाळची फळ्यासमोरची मीटिंग?

वीस-पंचवीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये हा प्रश्न पडत नाही. मालकच परचेस बघतो आणि मालकच डिस्पॅच. माणसं शंभराच्या घरात गेली की डिझाइन, परचेस, स्टोअर्स, प्रॉडक्शन, क्वालिटी, अकाउंट्स अशी खाती होतात आणि कामापेक्षा निरोपच जास्त अडकायला लागतात. भोसरी-चाकण पट्ट्यात या टप्प्यावर आलेल्या कंपन्यांपुढे बहुधा दोन सोपे मार्ग असतात. एक, सगळ्या खात्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. दुसरा, रोज सकाळी फळ्यासमोर उभ्या उभ्या मीटिंग. ईआरपी, म्हणजे सगळ्या खात्यांची नोंद एकत्र ठेवणारी संगणक प्रणाली, तर हवीच, पण ती झालेल्या कामाची नोंद ठेवते. उद्या कोण कोणासाठी अडणार आहे, हे तिच्यातून वेळेवर कळत नाही, म्हणून इथे ती बाजूला ठेवतो. मी प्लॅनिंगला आहे आणि दोन्ही पद्धतींनी काम केलं आहे.

ग्रुपची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. कोणाला काही शिकवावं लागत नाही. कस्टमरकडे गेलेला माणूस रिजेक्ट पार्टचा फोटो तिथूनच टाकतो आणि तो गेटबाहेर पडायच्या आत क्वालिटीवाला बॅच नंबर शोधायला लागलेला असतो. प्लेटिंगहून माल निघाला की चलनाचा फोटो येतो, स्टोअर्सवाला जागा करून ठेवतो. रात्रपाळीला मशीन बंद पडलं तर फळा काय कामाचा? सेल्सची माणसं सतत बाहेर असतील किंवा दोन प्लँट दोन टोकांना असतील, तर ग्रुपवाचून गत्यंतर नाही.

माझं मत फिरलं ते त्या अंगठ्यामुळे. डिझाइनने संध्याकाळी नवीन ड्रॉइंग टाकलं. चॅम्फर, म्हणजे पार्टच्या कडेचा तिरका काप, अर्ध्या मिलिमीटरचा एक मिलिमीटर झाला होता. खाली तीन अंगठे आले: परचेस, स्टोअर्स आणि डिस्पॅच. तिघांचाही त्या चॅम्फरशी काडीचा संबंध नव्हता. ज्या सेटरला टूल बदलायचं होतं त्याने फोन घरी जाऊन बघितला, आणि मशीनवर चिकटवलेली जुनी प्रिंट सकाळीही तिथेच होती. पहिल्या शिफ्टचा माल जुन्या मापाने निघाला. विचारलं तर डिझाइनचं म्हणणं, ‘ग्रुपवर टाकलं होतं.’ ते खरंही होतं. अंगठा म्हणजे ‘पाहिलं’, ‘कळलं’ की ‘करतो’, हे कोणीच ठरवलेलं नव्हतं, आणि ठरवलं तरी गडबडीत ते टिकत नाही. ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात, पण जितकी जास्त माणसं तितकं प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्या कोणीतरी बघितलं असेल. त्यात पाठवलेला मेसेज १५ मिनिटं बदलता येतो, म्हणजे ‘बुधवारी देतो’चं ‘शुक्रवारी देतो’ झालं तरी आधी वाचलेल्याला पत्ता नसतो.

फळ्यासमोर हे होत नाही, कारण तिथे ‘हो’ म्हणणारा माणूस समोर उभा असतो. आमचा फळा साधा आहे: काय अडलंय, कोणाकडे अडलंय, कधी सुटेल. एकच नियम कडक पाळतो. तारीख ज्याने द्यायची त्याने ती स्वतःच्या हाताने लिहायची. दुसऱ्याने लिहिलेल्या तारखेवर माणूस चालढकल करतो. स्वतःच्या अक्षरातली तारीख तीनदा खोडून पुढे ढकलायची वेळ आली, तर तोच कोपऱ्यात घेऊन खरी अडचण सांगतो.

मला याचा सर्वात मोठा उपयोग दिसला तो अकाउंट्सच्या बाबतीत, जिथे मी अपेक्षाच केली नव्हती. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३ च्या वित्त कायद्यापासून तर ही मुदत चुकलेली रक्कम प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी खर्चात धरता येते. आता गंमत बघा, हे दिवस बिल अकाउंट्सच्या टेबलावर आल्यापासून मोजत नाहीत. माल स्टोअर्सला उतरला की मोजणी सुरू होते, आणि मालाबद्दल तक्रार असेल तर ती १५ दिवसांत लेखी कळवावी लागते. म्हणजे इनवर्ड (आलेल्या मालाची नोंद) स्टोअर्सचं, तक्रार क्वालिटीची, पत्र परचेसचं आणि फटका अकाउंट्सला. ‘बार स्टॉक आला, क्वालिटीला पडून आहे’ ही ओळ रोज फळ्यावर दिसायला लागली, तेव्हा कुठे अकाउंट्सला घोडं कुठे अडलंय ते वेळेत कळायला लागलं. ग्रुपवर हीच माहिती दुपारपर्यंत वर सरकून गेलेली असायची.

फळ्याच्या अडचणीही आहेत. साहेब स्वतः बोलायला लागले की मीटिंगचं भाषण होतं आणि खाली मशीन थांबतात. रात्रपाळीचा सुपरवायझर घरी गेलेला असतो, त्याचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून येतं. पुसलेलं परत सापडत नाही, म्हणून मी रोज पुसण्याआधी फोटो काढून ग्रुपवर टाकतो. सुरुवातीला लोक कुरकुरतात, ते सहन करावं लागतं.

तुमची माणसं एका छपराखाली असतील, तर मी फळ्याच्या बाजूने बोलेन. परिस्थिती वेगळी असेल तर उत्तरही वेगळं असू शकेल. ग्रुप बंद करू नका. फोटो, चलन, गेटवरची गाडी यांसाठी तो राहू द्या, फक्त तारीख आणि ड्रॉइंगमधला बदल ग्रुपवर मान्य झाला असं धरू नका. नवीन ड्रॉइंग मशीनवर लावून जुनी प्रिंट डिझाइनच्या हातात परत दिली, की मगच ती ओळ फळ्यावरून पुसायची. आणि फळा कॉन्फरन्स रूममध्ये लावू नका, स्टोअर्सच्या दाराबाहेर लावा. तिथून सगळ्या खात्यांचा माणूस दिवसातून एकदा तरी जातोच.