कॅनडाच्या सरकारी टोपोशीट: तळी चोख, नदीचं तेवढं आपलं आपण बघा

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या यलोनाइफच्या पूर्वेला कॅमेरॉन नदीवर कनू (वल्ह्याची हलकी होडी) घेऊन गेलो होतो, त्यासाठी १:५०,००० च्या टोपोशीट, म्हणजे जमिनीची उंचसखलता दाखवणारे नकाशे, उतरवून घेतल्या. नॅचरल रिसोर्सेस कॅनडा हे सरकारी खातं त्या फुकट देतं, अख्ख्या देशाच्या मिळून १३,००० च्या वर शीट आहेत, म्हणजे पैशाची तक्रार नाहीच.

तळ्यांचं काम एक नंबर. तिकडे हिमनद्यांनी खडक खरवडून हजारो खड्डे करून ठेवलेत, सगळ्यांत पाणी, आणि कनूत बसून बघितलं की सगळे किनारे सारखेच, बेट कुठलं आणि जमिनीचं टोक कुठलं काही कळत नाही. शीटवर मात्र नखाएवढं बेटसुद्धा जागच्या जागी. अंगठा नकाशावर ठेवून एकेक टोक मोजत गेलो, एकदाही चुकलो नाही (बायको म्हणते एकदा चुकलास, ते धरू नका).

नदीत मात्र गंडायला होतं. रॅपिडला (नदीचा खळाळता, वेगवान उतार) आडव्या बारीक रेघा आहेत, कॅमेरॉन फॉल्ससारखा मोठा धबधबा असला तर प्रश्नच नाही, पण छोटे रॅपिड सगळे नाहीत. कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा, १० मीटरच्या अंतराचे असले की दोन रेघांच्या मधे ८ मीटरचा उतार गुपचूप मावतो आणि तो एका जागी कोसळतोय की तीन किलोमीटरभर पसरलाय ते कागद सांगत नाही. म्हणून मी निघायच्या आधीच कंटूर नदीला जिथे ओलांडतात तिथे लाल खुणा केल्या आणि तळ्यांवर लिहिलेल्या उंचीची वजाबाकी केली. मधली नदी आखूड आणि वजाबाकी मोठी आली की समजायचं, कनू खांद्यावर घ्यायचीये.

जुन्या शीट नॅड २७ वर (अक्षांश-रेखांश मोजायची जुनी संदर्भ-पद्धत) आहेत, जीपीएसमध्ये ती सेटिंग बदलली नाही तर २०० मीटरच्या आसपास घोळ होतो. डेक्लिनेशनही (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक) छापलेलं धरू नका, तिकडे ते भराभर बदलतंय.

प्रिंटची गंमत वेगळीच. दुकानवाल्याने पानावर बसावं म्हणून बारीक करून छापलं, १ किलोमीटरचा चौकोन २ सेंटीमीटर भरायला हवा तो भरला १.८! पट्टी लावली म्हणून कळलं, नाहीतर १० किलोमीटर वल्हवायचं ते ९ च समजून निघालो असतो.

हिरवा रंग म्हणजे जंगल, पण २०१४ आणि २०२३ ला त्या टेरिटरीत प्रचंड वणवे लागले, ते शीटला कुठून माहीत असणार. हिरव्यात तंबू लावू म्हणून गेलो तर नुसते काळे बुंधे.

५ पैकी ४. वॉटरप्रूफ कागदावरच छापा, माझी पहिल्याच दिवशी घडीवरची दोन तळी पुसली गेली.