वीस लिटरचा वेट-ड्राय व्हॅक्यूम: घेतला सोफ्यासाठी, राबतोय नळाच्या चेंबरात

हा व्हॅक्यूम दिवाळीत घेतला, साडेपाच हजाराला, सोफा आणि गाडी साफ करायची म्हणून. सोफ्यावर तो आजपर्यंत दोनदा फिरलाय. बाकी त्याची सगळी कमाई गेटबाहेरच्या नळाच्या चेंबरात, म्हणजे मेन वॉल (व्हॉल्व्ह) असतो त्या खड्ड्यात झाली, म्हणून रिव्ह्यू पण त्याचाच.

झालं असं की मागच्या महिन्यात सकाळी पाणी सुटल्या सुटल्या टाकीकडं जाणाऱ्या लाइनीचा सॉकेट निसटला आणि अंगणभर पाणी. मेन वॉल बंद करायला पळालो, पहारेनं बिडाचं झाकण उचललं तर आत वॉलच दिसंना. काठोकाठ गाळ. आम्ही सांगलीत पुराच्या पट्ट्यात राहतो. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेलेली, धोका पातळी ४५ ची, तेव्हा घरातला चिखल काढून काढून कंबरडं मोडलं, भिंती घासल्या, कपाटं टाकून दिली पण हे रस्त्याकडेचं फूटभर भोक कुणाच्या डोक्यातच आलं नाही. २०२१ च्या पुरात त्यावर अजून एक थर आणि मग अशोकाची मुळं. त्या दिवशी पाइपाला चिंध्या बांधून पाणी जायची वाट बघत बसलो, दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "काका, वॉल सडला असणार, चेंबर फोडून नवीनच करू." अडीच हजार. म्हटलं दादा, आधी दिसू तर दे. तो गेला आणि मी व्हॅक्यूम बाहेर काढला.

पहिली चूक माझीच. आतला कागदी फिल्टर काढायचा राहिला. ओलं ओढताना तो काढून स्पंजाचा फिल्टर लावायचा असतो, पुस्तकात लिहिलंय, पण पुस्तक कोण वाचतंय. दहा मिनिटांत कागदाचा लगदा झाला, तीनशेला फोडणी. दुसरं म्हणजे आपली काळी माती तशीच ओढत नाही, पाइपाच्या तोंडाला पेढ्यासारखी चिकटते. मग तंत्र सापडलं: तांब्याभर पाणी ओतायचं, गजानं ढवळून पिठल्यासारखं पातळ करायचं आणि मग ओढायचं. मुळं आणि खडे आधी खुरप्यानं आणि चिमट्यानं काढायचे, नाहीतर पाइप चोकअप. आणि आधी बॅटरी मारून बघा, पहिल्यांदा हात घालूच नका, आमच्यात एक भलामोठा बेडूक निघाला म्हणून निभावलं, विंचू पण असू शकतो.

वीस लिटर हे टाकीचं माप. पाणी त्यात बारा-तेरा लिटरच मावतं, मग आतला फ्लोट वर येऊन ओढ बंद करतो आणि मोटार एकदम चिरक्या आवाजात ओरडायला लागते. घाबरू नका, बिघडलेलं नाही, बंद करून रिकामा करायचा. भरलेला उचलताना मात्र पंधरा किलोच्या वर भरतो आणि हँडल अगदीच फालतू आहे. गाळ गटारीत ओतू नका, तिथं बसला की गल्ली तुंबणार, मी जास्वंदीच्या आळ्यात ओतला. वायर आखूड आहे, एक्स्टेंशन लागतंच, तो बोर्ड खुर्चीवर ठेवा, ओल्या जमिनीवर नको.

सहाव्या टाकीला तळ लागला. काय काय निघालं सांगू का: गुटख्याच्या पुड्या, अर्धा प्लास्टिकचा चेंडू आणि एक मातीची पणती, सबंध, चीरसुद्धा नाही. आईनं ती धुऊन तुळशीजवळ ठेवली. आणि त्याच्याखाली पितळी गेट वॉल, वरचं लाल चाक गंजून गेलेलं पण वॉल सडलाबिडला काही नव्हता!

इथं घाई करू नका. जाम झालेला गेट वॉल पान्यानं जोर लावून फिरवला तर स्पिंडल, म्हणजे चाकाखालचा दांडा, तुटतो आणि मग खरंच फोडायची वेळ येते. गंज सुटायचा स्प्रे स्पिंडलवर मारून रात्रभर ठेवला, सकाळी जरा उघड जरा बंद, जरा उघड जरा बंद, असं करत करत सुटला. स्पिंडलपाशी थोडं झिरपत होतं, तेवढी ग्लँडची, म्हणजे दांड्याभोवती गळती अडवणारी दोरी बदलून घेतली, त्याच प्लंबरकडून, दोनशे रुपये. फेरूलला, म्हणजे महापालिकेच्या मुख्य लाइनीतून आपलं कनेक्शन निघतं त्या जोडाला, आपण हात लावायचा नाही.

ती गळती मी सहज सोडून दिली असती, पण शेजारचे तात्या म्हणाले ते पटलं. आपल्याकडं चोवीस तास पाणी नसतं, पाणी गेलं की पाइप रिकामा होताना उलटी ओढ लागते आणि चेंबरात साचलेलं घाण पाणी त्याच फटीतून आत जातं, दुसऱ्या दिवशी तेच पहिल्यांदा नळाला. सुरुवातीचं पाणी गढूळ येतं म्हणून आम्ही इतकी वर्षं महापालिकेला शिव्या देत होतो. आता तळाला खडी टाकलीय आणि पावसाळ्याआधी एकदा गाळ काढायचा ठरवलंय.

ओढ चांगली आहे, पाचात चार. हँडल आणि पाइपाला दोन. पाइप जेमतेम दीड मीटर आणि पातळ. तात्या आणि समोरच्या काकू दोघांनी मागून नेला, परत आला तेव्हा पाइप मधोमध चिरलेला, आत बोराएवढा खडा. दुकानदार म्हणाला पाइप वॉरंटीत येत नाही. सातशे रुपये. घेतला, कारण अजून कोपऱ्यावरच्या बापूंचा चेंबर राहिलाय आणि ते रोज सकाळी विचारतात.