पुढून आरशासारखी दिसणारी जुनी स्पोर्ट्‌स कार: नागपुरात माझी झालेली फसवणूक

२६,७५,००० रुपये गाडीचे आणि वर ५३,५०० रुपये कमिशन. एवढे मोजून मी जानेवारीत नागपुरात २०१५ ची लाल ऑडी टीटी घेतली. मे महिन्यात कळलं की तिचा पुढचा सगळा भाग दगडांनी फोडलेला होता. त्यात लांबी (पुट्टी) भरली, वरून रंग मारला, रंगावर पारदर्शक फिल्म चिकटवली आणि गाडी माझ्या गळ्यात मारली. डीलरचं नाव वकिलाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. पण त्याच्याकडे अशा गाड्या अजून उभ्या आहेत, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण ती ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. "नीट पाहून घ्यायची ना." पाहूनच घेतली होती. चेसिस नंबर आरसीशी जुळवला. बँकेचा बोजा उतरलाय का तपासलं. सर्व्हिस रेकॉर्ड काढलं, ३४ हजार किलोमीटर खरे निघाले. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, ५० टक्के होता. इतकंच नाही, ४,५०० रुपये देऊन तपासणीवाला सोबत नेला. नोकरी करणाऱ्या माणसाने आणखी काय करायचं?

आता कळतंय की यातल्या एकाही कागदावर दगडांचा मार दिसत नाही. बोनेटवरच्या ठिपक्यांसाठी कोणी क्लेम करत नाही, बोनस जातो म्हणून. त्यामुळे "क्लेम नाही, ॲक्सिडेंट नाही" हे शंभर टक्के खरं असूनही गाडीचं तोंड फुटलेलं असू शकतं. नो क्लेम बोनस बघून कोणीही निर्धास्त होऊ नका.

ही गाडी समृद्धीवर पळालेली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला तेव्हापासून आपल्याकडच्या वेगवान गाड्यांचं काय होतंय ते डिटेलिंगवाल्यांना, म्हणजे गाड्यांना पॉलिश आणि फिल्म करणाऱ्यांना, विचारा. कारसाठी मर्यादा १२० ची, चालवणारे त्याहून जास्त चालवतात, आणि पुढे गिट्टीचा टिप्पर. वेग दुप्पट झाला की खड्याचा मार चौपट होतो. त्यात स्पोर्ट्‌स कार बुटकी, नाक जमिनीलगत, टायरखालून उडालेला खडा थेट बंपरवर आणि बोनेटच्या कडेवर. विकणारा "सिटीतच चालली आहे" म्हणाला की त्याच्याकडून फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. द्यायला का-कू केली तर तेवढ्यावरच समजून घ्या. मला ते मागायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

तपासणीवाल्याबद्दलही लिहितोच. त्याने लोहचुंबक आणि रंगाची जाडी मोजायचं स्वस्तातलं यंत्र आणलं होतं, फक्त लोखंडावर चालणारं. या गाडीचं बोनेट आणि दरवाजे ॲल्युमिनियमचे. चुंबक चिकटतच नाही, यंत्र आकडाच दाखवत नाही. बंपर प्लास्टिकचा, तिथेही तेच. रिपोर्टमध्ये या सगळ्यापुढे "लागू नाही" लिहिलं आणि शेवटी पाचपैकी साडेचार स्टार दिले! माझे ४,५०० रुपये या "लागू नाही"चे. लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हीवर चालणारं यंत्र मिळतं. ते नसेल तर तपासणीवाल्याला गेटवरूनच परत पाठवा. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो, आकडा त्याहून बराच जास्त आला की वरून काहीतरी मारलंय. फिल्म असेल तर तिचे दीडशे-दोनशे वेगळे. म्हणूनच "वर फिल्म आहे ना भाऊ, आकडा जास्तच येईल" ही सबब तयार असते. मान्य करू नका, फिल्म नसलेल्या कडेवर मोजायला लावा.

फिल्मचे डीलरने माझ्याकडून वेगळे ७०,००० धरले होते, तेही त्या २६,७५,००० मध्येच. "नवीन फिल्म मारली आहे, पाच वर्षं टेन्शन नाही." बिल मागितलं तर म्हणाला गाडीच्या आधीच्या मालकाकडे आहे. फिल्म विकायच्या आधी नवीन लावलेली असेल तर ती कशावर लावली हा पहिला प्रश्न विचारा.

आणि आता तो क्षण, जो आठवला की आजही रात्री झोप येत नाही.

ट्रायल आम्ही अमरावती रोडवर घेतली, वाडीच्या पुढे, संध्याकाळी. सूर्य अगदी समोर. ऊन काचेवर आलं आणि पूर्ण काच बारीक ठिपक्यांनी चमकली, कोणीतरी मूठभर वाळू फेकून मारावी तशी. खालच्या अर्ध्या भागात तर बोट ठेवायला जागा नाही इतके ठिपके. मी बोललो सुद्धा. शेजारी डीलरचा मुलगा बसला होता. म्हणाला, "भाऊ, दहा वर्षं जुनी काच आहे, एवढं तं राहतेच. पॉलिश करून देतो ना." गाडी बाजूला घेऊन खाली उतरलो. हेडलाइटवरही तसेच टोचे. आणि त्या दोन हेडलाइटच्या मध्ये, त्या काचेच्या बरोबर पुढे, बोनेट आरशासारखं. एक टोचा नाही!

जे दगड काचेला लागले ते बोनेटला चुकवून गेले होते का? गाडीत आधी येतो बंपर, मग बोनेट, मग काच. मागच्याला मार आहे आणि पुढचं कोरं आहे, हे होऊच शकत नाही. मी तिथे उभा होतो, ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि तो पोरगा एकसारखा बोलत होता. रायपूरची पार्टी उद्या येतेय, टोकन घेऊन बसली आहे, आजचा भाव उद्या मिळणार नाही. माणसाला विचार करू द्यायचा नाही हेच त्यांचं कसब, रोजचं काम आहे त्यांचं. ५१,००० टोकन मी तिथेच फोनवरून पाठवलं.

गाडी दाखवायची वेळ विक्रेत्याला ठरवू देऊ नका. मला पहिल्यांदा दाखवली ती नुकती धुतलेली, ओली. ओल्या रंगावर काही दिसत नाही. दुपारच्या उन्हात, कोरडी बघा.

मे मध्ये पारा ४५ च्या आसपास गेला आणि बोनेटच्या पुढच्या कडेला फिल्म उचलू लागली. खाली बारीक खळगे दिसायला लागले, रोज थोडे जास्त. डिटेलिंगच्या दुकानात नेली. कारागिराने हीट गन फिरवून एक कोपरा हलकेच सोडवला आणि थांबला. फिल्मला चिकटून लाल रंगाचा पापुद्रा निघाला होता आणि पापुद्र्याच्या पाठीला करड्या लांबीचे मसुराएवढे गोळे. खाली उघड्या पत्र्यावर पांढरी भुकटी. लोखंड गंजलं की तांबडं होतं, ॲल्युमिनियम असं पांढरं पडतं. तो हळूच म्हणाला, "सर, घासलंच नाही याने. तसंच भरून मारलं." त्याच्याकडचं यंत्र दोन्ही धातूंवर चालणारं होतं. दरवाजा ११८ मायक्रॉन. बोनेट, फिल्म काढल्यावर, ४७०.

नीट दुरुस्ती म्हणजे खळग्यांच्या कडा पत्र्यापर्यंत घासून उतरवायच्या, गंज काढायचा, प्रायमर, रंग, वर क्लिअर कोट, आणि शेड जुळावी म्हणून शेजारच्या फेंडरपर्यंत रंग विरवत न्यायचा. इथे यातलं काही नव्हतं. ऊन लागलं, लांबी आकसली, खळगे वर आले. बोनेट उघडून कडा बघा: रबरावर रंगाचे शिंतोडे, बिजागरीच्या बोल्टवर रंग फाटलेला, आतल्या बाजूला टेपची सरळ रेघ. माझ्या गाडीवर तिन्ही होतं.

खर्चाचं कोटेशन: बोनेट, दोन फेंडर, बंपर १,८४,०००. फिल्म काढणं १६,५००. पुढची काच ८८,०००. एकूण २,८८,५००. डीलरने देऊ केले १५,०००, तेही "आपले संबंध राहावेत म्हणून". मी घेतले नाहीत.

दगडांचे ठिपके असलेली गाडी वाईट नसते. चाललेल्या गाडीला ते असणारच. मला सरळ दाखवले असते तर मी हीच गाडी दोन-अडीच लाख कमी देऊन आनंदाने घेतली असती. मूळ रंगावरचे उघडे ठिपके झाकलेल्या रंगापेक्षा केव्हाही परवडले.

डीलरचं उत्तर तुम्हाला माहीतच असेल. "गाडी पार्क अँड सेलची होती, आमचं फक्त कमिशन. मालकाशी बोला." म्हणजे मालकाने गाडी डीलरकडे नुसती विकायला उभी केली होती. बोललो. मालक सज्जनपणे म्हणाले की पुढून दगड लागलेत हे त्यांनी डीलरला दाखवलं होतं आणि म्हणूनच गाडी २४ लाखांना सोडली. म्हणजे मधले पावणेतीन लाख डीलरचे, शिवाय माझ्याकडून कमिशन! लेखी द्या म्हटलं तर त्यांनी फोन उचलणं बंद केलं.

पोलीस ठाण्यात गेलो. ड्यूटीवरच्या साहेबांनी गाडीची किंमत ऐकली आणि मान हलवली. "सत्तावीस लाखांची गाडी घेता अन् रंगासाठी येता? सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? दोष माहीत असताना झाकून विकणं याला दुसरं काय म्हणतात? मोबाईल हरवला तर पोच मिळते, इथे अर्जावर शिक्का मारून घ्यायला मला भांडावं लागलं. पुढे कोणी एक फोन केला नाही, डीलरला एकदा बोलावलं नाही.

आरटीओत तर कहर. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं, फॉर्म २९ बी. गाडी मालकाकडून डीलरच्या ताब्यात आली की फॉर्म २९ सी भरून कळवायचं असतं, म्हणजे जबाबदारी डीलरवर येते. माझ्या व्यवहारात हे काहीच झालं नाही, मालकाच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० (गाडी नावावर करायचे फॉर्म) थेट माझ्या हातात दिले. हे मी खिडकीवर सांगितलं तर तिथल्या बाबूने मलाच विचारलं, हा फॉर्म कुठला? नियमाचा कागद मी छापून नेऊन दाखवला. मग लेखी द्या. लेखी दिलं. मग हे टेबल नाही. मग साहेब दौऱ्यावर. मग "तुमचं ट्रान्सफर झालं ना, मग अडचण काय आहे?" ट्रान्सफरची फी घेताना कोणाला टेबल सापडायला अडचण आली नव्हती. नियम केले, अंमलबजावणी कोणी करायची? आम्ही कर भरतो, आमच्याच रस्त्यावर आमच्या गाड्या फुटतात, आम्हालाच लुटतात आणि आम्हीच खिडक्या-खिडक्या फिरायचं.

विमावाल्यांनी "आधीपासूनचं नुकसान" म्हणून एका ओळीत विषय संपवला.

वकिलाने कायद्यातली गोम सांगितली. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यानुसार तुम्ही तपासणी केली असेल तर तपासणीत दिसायला हवा होता त्या दोषाची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकता येत नाही. म्हणून तो साडेचार स्टारचा रिपोर्ट आता समोरची बाजू वापरणार. पण रंगाखालची लांबी नुसत्या डोळ्यांना दिसणारी नव्हती, आणि त्यासाठीच ती भरली होती. आमचा मुद्दा तोच आहे. डिलिव्हरीच्या कागदावर "जशी आहे तशी" लिहिलेलं असेल तर सहीच्या आधी स्वतःच्या हाताने खाली लिहा: पुढचे पॅनल पुन्हा रंगवलेले नाहीत असं विक्रेत्याने सांगितलं. तो सही करत नसेल तर टोकन परत मागा. कमिशनचं बिल घ्याच. त्या ५३,५०० च्या बिलामुळेच तो व्यावसायिक आणि मी ग्राहक ठरतो. नुसत्या मालकाकडून थेट गाडी घेतली असती तर ग्राहक आयोगाचं दार बंद होतं.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. ५० लाखांपर्यंतचे व्यवहार तिथे चालतात, माझ्या रकमेला फी १,००० रुपये, मुदत दोन वर्षं. निघालेल्या फिल्मचा तुकडा लांबीसकट पाकिटात बंद करून ठेवला आहे, कारागिराचं लेखी घेतलं आहे, यंत्रावरच्या आकड्यांचे फोटो आहेत. तुमच्याकडे असं काही निघालं तर दुरुस्तीला हात लावायच्या आधी हे करा.

त्या डीलरकडे सध्या एक पिवळी दोन दरवाज्यांची गाडी उभी आहे. जाहिरातीत "ओरिजिनल पेंट, फ्रंट फिल्म नवीन" असंच लिहिलंय. कोणी बघायला जाणार असेल तर दुपारी जा, दोन्ही धातूंवर चालणारं यंत्र घेऊन जा आणि आधी त्याच्याकडे फॉर्म २९ बी मागा.